भागी एकटी आणि मी बाकी सगळे

मागच्या आठवड्यात जालन्याहून घरी येत होते. तीर्थपुरी थोडीच राह्यली असंल, तर बस थांबली. समोर मेंढ्या. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सगळा रस्ता लोकरीचा. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, मंग दाबूनच ठेवला. मेंढ्यांना काय त्याचं? कंडक्टर दारात लोंबकळून ओरडला, "ओ मामा, घ्या की बाजूला! का आमीच येऊ मुक्कामाला तुमच्या पालावर?" माझ्या पुढच्या सीटवरची आजीबाई म्हणली, "जल्दी काय हाय तुला? त्यायला कुठं तिकीट काढायचंय?" बस हसली.

आणि तेवढ्यात कुठूनतरी हाक आली. दोनच अक्षरं, पहिलं लांब, दुसरं तुटलेलं. "हुर्र्र्या… ह्या!" सगळा कळप एका अंगाला सरकला, जसा कुणी पडदा ओढावा. रस्ता मोकळा. बस निघाली, लोक परत मोबाइलात शिरले, आणि मी खिडकीला गाल लावून बसले. 

ती हाक मला येते. जशीच्या तशी. पण दहावीच्या त्या जानेवारीपासून मी ती एकदाही काढली न्हाई.

आमच्याकडं ह्या दिवसांची एक वेगळीच चव असती. तूर काढून झालेली असती, रानात नुसती धसकटं, चालताना पायाला टोचणारी. हरभऱ्याला घाटे भरलेले, पानांवर ती आंबट खार, नुसता हात फिरवून बोट चाटलं तरी तोंड वाकडं होतं. आणि मोसंबीच्या बागा ताणावर सोडलेल्या. विहिरीत पाणी असतं, तरी झाडाला द्यायचं न्हाई. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, खाली सडा पडतो. परगावचा माणूस बघून म्हणतो, अरेरे, बाग गेली. बाग कुठं जात न्हाई. महिना-सव्वा महिना झाला की पाणी सोडायचं, आणि मंग जी फुलं येतात, त्यांचा वास थेट आमच्या शाळेच्या वर्गात यायचा. दहावीला सर लोकांनी आमालापण ताणावरच सोडल्तं. सराव परीक्षा एक, सराव परीक्षा दोन. आमची पानं गळून राह्यल्ती, फुलांचा काही पत्ता नव्हता.

माझं सांगायचं तर, मी आवाज काढते. काढते म्हंजे काय, निघतात. गिरणीचा पट्टा सुटल्याचा, आबांची मोटारसायकल सकाळी चालू न झाल्याचा, हेडसरांचा नाकातून येणारा "शिस्त म्हणजे काय?" एकदा मी मुतारीच्या भिंतीमागून हेडसरांच्या आवाजात "रांगेत उभे रहा" म्हणले, तर अख्खी नववी उन्हात उभी राह्यली. खरे हेडसर आले, त्यांनी शाबासकी दिली त्यांना.

आणि माझ्या शेजारी भागी. भाग्यश्री. ती बोलायचीच न्हाई. हजेरीला नुसता हात वर. बाईंनी आमाला मुद्दाम एका बाकावर बसवल्तं. म्हणल्या, "तुमचं दोघींचं मिळून एक माणूस बराबर होतं." भागीचे आईवडील मेंढ्या घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडायचे, ती शाळेसाठी गावात मावशीकडं. तिच्या दप्तराला लोकरीचा वास यायचा, आणि मी त्याच्यावरपण एकदोन विनोद केल्ते. आता सांगायला लाज वाटती, पण केल्ते. ती हसलीपण न्हाई, रडलीपण न्हाई. नुसतं दप्तर दुसऱ्या बाजूला ठेवलं.

खेळ आमच्यात आला तो माझ्या आतेभावामुळं. दिवाळीला तो संभाजीनगरहून आल्ता, त्याच्याकडं जादूच्या राज्याचा एक खेळ होता. त्यात एकानं वाटसरू व्हायचं आणि दुसऱ्यानं बाकी सगळं: राक्षस, नदी, म्हातारी, राजा, वारा, सगळं. बाकी सगळा जो असंल तो सांगतो की समोर काय हाय, आणि विचारतो, "काय करती?" वाटसरूनं उत्तर द्यायचं, फासा टाकायचा, जगायचं किंवा मरायचं. मला तर "बाकी सगळं" हा शब्द ऐकूनच येडं लागलं. एवढे आवाज काढायला मिळणार! आतेभावाकडचा फासा लई कोनांचा होता, रंगीत. मी खडूचा केला, ब्लेडनं तासून, पेनानं ठिपके देऊन. रोज थोडा झिजायचा, हाताला पांढरं लावून जायचा.

वर्गात कुणी खेळंना. दहावीचं वर्ष, सगळ्यांच्या आया मारायला टपलेल्या. भागी राह्यली. ती कुठं पळून जाणार होती? बाक एकच.

पहिल्यांदा खेळलो तो ऑफ तास मला अजून दिसतो. खिडकीतून ऊन तिरपं आल्तं, मागं पोरं पेनांची मारामारी करून राह्यल्ती. मी म्हणले, "तू पुलापाशी आलीस. पुलावर राक्षस उभा हाय. हा एवढा. काय करती?" आणि हेडसरांच्या नाकातून गरजले, "कोण आहे तिकडे?"

भागीनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मला वाटलं झालं, ही काय खेळणार. मंग एकदम हळू म्हणली, "कोनत्या पायावर जोर देऊन उभा हाय?"

"आं?"

"राक्षस. चारी पायांवर बराबर उभा हाय का एखादा उचलून धरतोय?"

राक्षसाला चार पाय असतात हे मला तेव्हाच कळलं. मी आपलं ठोकून दिलं, "पुढचा उजवा उचलतोय."

"काटा हाय मंग. त्याला म्हन, बस खाली. आन् तोंड उघड म्हन, दात बघायचेत."

मी, म्हंजे राक्षसानं, तोंड उघडलं. भागीनं वहीवर वाकून, जसं काय खरंच आत बघितलं. "दोन दातीच हाय," ती म्हणली. "लेकरू हाय हे. ह्याची माय कुठं हाय?"

मेंढरांचं वय दातावरून बघतात हे मला नंतर कळलं. पण राक्षसाला माय असती, ती कुठंतरी त्याला शोधत असंल, हे माझ्या डोक्यात सात जन्मात आलं नसतं. माझ्याकडं राक्षसाचा आवाज होता. भागीकडं राक्षस होता.

तिथून पुढं आमी रोज खेळलो. माझ्या भूमितीच्या वहीची मागची पानं म्हंजे राज्य. मी नकाशा काढायला घेतला तर आधी राजवाडा काढला, चार मनोरे, झेंडे. भागीनं खोडरबर घेतलं आणि राजवाडा पुसून टाकला. "आधी पानी कुठं हाय ते काढ," म्हणली. "पान्यावरून वाट. वाटंवरून गाव. राजा मंग बसंल कुठंबी." मंग तिनं पाणी काढलं. एक झरा, एक आटलेली बारव, एक तळं ज्याचं पाणी प्यायचं न्हाई. बघता बघता कागदावर देश उभा राह्यला, आणि त्याच्यात जाता येईल असं वाटायला लागलं. मी "मनीषा, फळ्याकडं बघ" असं तीनदा ऐकूनसुद्धा त्या तळ्याकडंच बघत बसायचे.

आणि खेळात भागी बोलायची! राजाला "ऐक रे" म्हणायची. पंखवाल्या अजगराला दरडावायची. चेटकिणीला मी आमच्या कंडक्टरचा आवाज दिल्ता, "पुढं सरका, पुढं सरका, मरायला लई जागा हाय," तर भागी एवढी हसली की बाईंनी आमाला बाहेर काढलं. भागीला वर्गाबाहेर काढलं! मला तर बक्षीस मिळाल्यासारखं झालं. आता ती जालन्यात नर्सिंग करून राह्यली. ड्युटी असली की दोन-दोन दिवस फोन लागत न्हाई. लागला की आधी विचारती, "खाल्लं का?" मंग बाकीचं. मी कधी कधी विचार करते, ती पेशंटच्या खाटेपाशी उभी राह्यली की पहिलं काय बघत असंल. पाय बघत असंल. कोणत्या पायावर जोर हाय.

जानेवारीच्या मध्यावर तिच्या घरच्यांच्या मेंढ्या आल्या. आमच्याच आबांच्या रानात, म्हंजे माझ्या मोठ्या चुलत्यांच्या. तूर निघाली की आमच्याकडं रानात मेंढ्या बसवतात. मेंढ्या मुक्काम करतात, त्यांचं खत रानाला मिळतं, मेंढीवाल्याला ज्वारी मिळते. भागी दप्तर घेऊन मावशीकडून पालावर राह्यला गेली. तीन आठवडे. दिवाळीनंतर आईच्या हातचं खायचे तिचे तेवढेच दिवस. त्या दिवसात तिच्या वेण्या निराळ्या दिसायच्या, ताणून घट्ट घातलेल्या, टोकाला लोकरीचा धागा.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिच्याबरोबर रानात गेले. तिचे वडील म्हाळूकाका, उंच, कमी बोलणारे, भागी कुणावर गेली ते लगेच कळलं. "आबाची पुतनी व्हय तू?" एवढंच म्हणले, आणि मंग त्यांनी मेंढ्यांना हाक मारली. हुर्र्र्या… ह्या! सगळं रान उठून त्यांच्याकडं चालायला लागलं. मी तोंड उघडं टाकून बघत राह्यले. आणि त्याच वेळी, मला माहीत न होता, माझा गळा तो आवाज उचलून घेत होता.

पुढच्या शनिवारी मी माती खाल्ली.

म्हाळूकाका आबांकडं चहाला गेल्ते. भागी आणि तिची आई विहिरीवर पाण्याला. मेंढ्या धसकटात पडून रवंथ करून राह्यल्त्या, कुत्रं झोपलेलं. मी पलीकडच्या बांधावर, मधी आबांचा हरभरा. मला वाटलं, भागी यायच्या आत एक डाव बोलवून बघू. ती आली की तिला दाखवू, हे बघ, बाकी सगळ्यांत आता तुझे वडीलपण मला येतात.

मी हाक काढली.

एका कान फाटलेल्या म्हाताऱ्या मेंढीनं मान वर केली. मंग दुसरीनं. मंग सगळ्यांनी. दीडशे-दोनशे तोंडं माझ्याकडं. देवाशपथ सांगते, आजपर्यंत एवढ्या लोकांनी मला कधी एवढं खरं मानलं न्हाई. त्या उठल्या. आणि मंग त्या माझ्याकडं निघाल्या, सरळ, हरभऱ्यातून.

"थांबा!" मी ओरडले. माझ्या आवाजाला कोण ओळखतं? मंग म्हाळूकाकांच्या आवाजात ओरडले, तर त्या आणखी जल्दी यायला लागल्या. मला फक्त बोलवायचं येत होतं. थांबवायचा आवाज मी ऐकला असंल, पण त्यात नक्कल करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. घाटे भरलेला हरभरा पायाखाली कडकड मोडत होता, कुत्रं उठून भुंकत होतं, त्यानं मेंढ्या बिथरल्या, आणि मी दोन्ही हात वर करून बांधावर नाचून राह्यल्ते.

भागी विहिरीकडून आली. हंडा खाली टाकला. पळाली न्हाई. मी असते तर पळाले असते. ती चालत कळपाच्या तोंडाला आली, फाटक्या कानाच्या मेंढीसमोर उभी राह्यली, आणि तोंडातून एक आवाज काढला. तापल्या तव्यावर पाण्याचा एक थेंब पडावा, एवढाच. बस. मेंढी थांबली. तिच्यामागची थांबली. थांबणं मागंमागं सरकत गेलं, पार शेवटच्या कोकरापर्यंत, आणि रान शांत झालं. हेडसरांना माईक लावून जे जमत न्हाई, ते.

मंग आबा आले. मागं म्हाळूकाका.

"हे काय व्हय म्हाळू? मेंढरं राखता का मोकाट सोडता? हातातोंडाशी आल्ता हरभरा!" आबांचा आवाज फाटला होता. "दोन दिवसात पाल उचल. बिलकुल थांबू नको."

म्हाळूकाकांनी टोपी काढून हातात धरली. "चुकलं मालक," म्हणले. काय चुकलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. भागीची आई वाकून मोडलेली झाडं उभी करून राह्यल्ती, एकेक, बुडाशी माती दाबून. ती परत पडत होती.

भागीनं माझ्याकडं एकदाच बघितलं. तिला सगळं कळलं होतं, बापाची हाक तिनं विहिरीवरून ऐकली होती आणि बाप आबांकडं होता. माझ्या गळ्यात गिरणी होती, मोटारसायकल होती, हेडसर होते. त्यातलं एकपण बोललं न्हाई. मी घरी आले आणि पोट दुखतंय म्हणून झोपले.

सोमवारी बाकावर मी वही पुढं सरकवली. खेळातल्या नावाड्याच्या लाडिक आवाजात म्हणले, "आलात का बाईसाहेब? काय करती?" भागीनं वही मिटली. अख्खी सकाळ ती परत जुनी भागी झाली, हजेरीला नुसता हात वर. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, तेव्हा तिनं खडूचा फासा उचलून मुठीत धरला.

"आता तू चाल," म्हणली. "मी बाकी सगळे."

तिला आवाज काढता येत न्हाईत. तिचा राजा, मेंढपाळ, वारा, सगळे तिच्याच सपाट आवाजात बोलले. "राजा मेंढपाळाला म्हनला, निघ माझ्या राज्यातून. मेंढपाळ टोपी काढून उभा हाय. त्याची बायको झाडं उभी करून राह्यली. तू तिथंच हायस. काय करती?"

मी हात पुढं केला. "फासा दे."

"फासा नको."

"अगं नियम हाय—"

"ह्याला फासा न्हाई, मने."

बाहेर पोरं खो-खो खेळून राह्यल्ती. ताणावरच्या बागेचा तो सुकलेला वास येत होता, धुळीचा आणि पानांचा. मी म्हणले, "मी राजाला सांगते."

"सांग."

"सांगितलं."

"राजा हसतो. म्हनतो, ही तर नकला करती, हिचं कोन खरं मानील?"

मी वही दप्तरात घातली. हे तिला कसं सुचलं असंल? का तिनं एवढे दिवस नुसतं बघितलंच होतं मला, पायापासून दातापर्यंत?

घरी गेले तर आबा ओसरीवर बाजंवर बसल्ते. मी म्हणले, "आबा, मेंढ्या मी बोलवल्या हरभऱ्यात. म्हाळूकाकांच्या आवाजात."

आबांनी पेपर खाली केला न्हाई. "आता कोनाचं सोंग काढून राह्यली?"

"कोनाचंच न्हाई. खरं सांगून राह्यले."

माझा आवाज कसातरीच येत होता, बारीक, मधीच चिरकणारा. मी तो कधी नीट ऐकलाच नव्हता. आबांनी पेपर खाली केला. "म्हाळूला ठाऊक हाय?"

"न्हाई."

"त्याच्या पोरीला?"

"हाय."

"आन् ती बोलली न्हाई," आबा म्हणले, मला न्हाई, स्वतःलाच. मंग चप्पल घातली. मला पुढं घालून रानाकडं निघाले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाल निम्मं उतरल्तं. भागीची आई भांडी बांधत होती. आबा बांधावर थांबले, घसा खाकरला, आणि म्हणले, "म्हाळू, राहा. हिनं केल्तं ते. मी उगीच बोललो तुला."

म्हाळूकाका माझ्यासमोर आले. मी मान खाली घातली. "माझ्या आवाजात बोलवल्या?" त्यांनी विचारलं. "आन् आल्या?" त्यांनी नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला. "तो माझ्या बापाचा आवाज हाय, पोरी. बापानं त्याच्या बापाचा उचलल्ता." रागावले असं वाटलं न्हाई, पण पुढं कितीतरी वेळ ते माझ्याकडं असे बघत होते, जसं घरातली वस्तू बाहेर कुणाच्या हातात दिसावी.

"मंग राह्यचं ना?" आबा म्हणले.

"ते मी कसं सांगू मालक? बिथरलेलं जितराब त्या जागी बसत न्हाई. ह्या दोन रोज नुसत्या उभ्याच राह्यल्या रानात. आज बसल्या तर राहू. न्हाई तर जावंच लागंल."

दिवस मावळतीला आल्ता. भागीनं आणि तिच्या वडलांनी मेंढ्या धसकटात आणल्या. त्या उभ्या. सगळ्यांच्या माना वर, कान ताठ. हरभऱ्याच्या बाजूकडं बघून राह्यल्त्या, जिथून मी बोलवल्तं. आबा उभे, भागीची आई अर्धवट बांधलेलं गाठोडं हातात घेऊन उभी. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर भागीनं माझा दंड धरला.

"गप. श्वासबी हळू घे."

वारा पडला. कुठंतरी मोटर बंद झाली. कान फाटलेली ती म्हातारी मेंढी दोन पावलं पुढं आली, जमीन हुंगली, परत मागं गेली. परत हुंगली. मी मनात कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं ते सांगत न्हाई. मंग तिनं पुढचे गुडघे मोडले, आधी एक, मंग दुसरा, आणि एक लांब उसासा सोडून मागचं अंग टेकवलं.

तिच्या शेजारची बसली. मंग तिच्यामागची. सगळं रान हळूहळू खाली उतरत गेलं, जसं काय जमीनच श्वास सोडून राह्यली. बसण्याचा तो आवाज, धसकटं दबण्याचा, लोकर लोकरीला घासण्याचा, शेकडो नाकांतून सुटलेल्या वाऱ्याचा, मी तो परत कुठं ऐकला न्हाई, आणि काढायला जमणारपण न्हाई. आबांनी टोपी काढली. का ते त्यांना विचारायची माझी हिंमत झाली न्हाई. भागीच्या आईनं गाठोडं खाली ठेवलं आणि गाठ सोडायला लागली.

अख्ख्या रानात आता आमीच तेवढे उभे होतो. भागीनं माझा दंड सोडला.

"मने," ती म्हणली, "तू पन बस आता."

मी बसले.